तुम्ही विचारलंत म्हणून: गुलाबाला कुठलं खत?

पावसाळा सरला की हा प्रश्न मला हमखास येतो. मी आधी माती विचारते. पंचगंगेकाठची काळी भारी आहे, की पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी?

काळ्या मातीत अन्नाची वाण नसते, हवेची असते. आपल्याकडच्या पावसात ती चिबडते, मुळं कुजतात. तिथे शेणखतानं मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात आणि पाण्याला वाट मिळते. तांबडीत ओलच टिकत नाही. तिथे तेच खत पाणी धरून ठेवतं. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, पण माती सुधारते ती त्यानंच. झाडाच्या भुकेसाठी वर मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड द्या. तिच्यात नत्र चार-पाच टक्के असतं आणि ते सावकाश सुटतं. हाडांचा चुरा मात्र तांबड्या, आम्ल मातीतच घाला. चुनखडीच्या काळ्या मातीत त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मुळांना मिळतच नाही, पैसे वाया जातात.

खत पुरतं कुजलेलं हवं, यावर मी अडून बसते. हात घातला तर गार लागलं पाहिजे, शेणाचा वास गेलेला पाहिजे, काडी ओळखू येता कामा नये. अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, येते. उसात तिनं काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. गुलाबाचीही ती मुळंच खाते. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, उत्तमच, पण ताजी आणून आळ्यात ओतू नका. ती तापते. ढीग लावून, ओली ठेवून, मधूनमधून चाळवत काही महिने कुजवा.

आणि उसाचं पाचट, ती वाळली पानं! ते जाळताना बघितलं की जीव तुटतो. आळ्यावर चार बोटं थर पसरा, ओल टिकते, तण दबतं, खाली गांडुळं येतात. मातीत मात्र गाडू नका. कच्चं पाचट कुजवायला जीवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं.

खत ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर द्या. भर पावसात दिलेलं बरंचसं वाहून जातं. मोठ्या झाडाला एक-दोन पाट्या शेणखत पुरे, बुंध्यापासून वीतभर लांब, आणि कलमाचा डोळा, म्हणजे कलमाचा सांधा, उघडा ठेवून. एवढं करूनही कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर खत वाढवू नका. तो बहुतेक लोहाचा प्रश्न असतो. मातीचा सामू (pH) तपासून घ्या, गुलाबाला सहा ते साडेसहा मानवतो.