जोड सुटलेली अंगठी अखेर सापडली

मेटल डिटेक्टरने, म्हणजे जमिनीतला धातू शोधणाऱ्या यंत्राने, हरवलेल्या अंगठ्या शोधण्याविषयीच्या माझ्या मागच्या नोंदीत हिरवळीवरची जी सोन्याची अंगठी ‘बहुधा इथे पडलेलीच नाही’ अशा शेऱ्यावर सोडून दिली होती, ती त्याच आखलेल्या चौकटीत आणि जेमतेम गवताच्या मुळांइतक्या खोलीवर सापडली. यंत्रात ती आधी का बोलत नव्हती, याचे उत्तर मला शोधापेक्षाही जास्त मोलाचे वाटते, म्हणून ही नोंद जवळजवळ तेवढ्याच एका प्रश्नावर खर्च करतो आहे. मधल्या काळात कोरड्या वाळूत हरवलेली चांदीची एक अंगठी पहिल्याच पट्ट्यात मिळाली. तिचा उंच, स्वच्छ स्वर ऐकताना जो आनंद झाला, तो झालाच. पण तिच्याविषयी सांगण्यासारखे आणखी काही नाही.

हिरवळीवरची अंगठी जोडीतली होती. त्यामुळे अंगठीच्या मालकांच्या पत्नीच्या बोटातली त्याच घडणीची, किंचित लहान अंगठी माझ्या इक्विनॉक्स 800 डिटेक्टरच्या कॉइलसमोर (जमिनीवरून फिरवायच्या चकतीसमोर) धरून पडद्यावरचा ओळखीचा आकडा घेता आला, आणि तो 15-16 वर ठाम राहत होता. पत्र्याच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या त्याच्या अगदी शेजारी, 12 ते 14 च्या आसपास बोलतात हे सर्वांना ठाऊक आहेच. म्हणून 10 च्या वरचे सगळे खणायचे ठरवून, दोऱ्या बांधून, उभे आणि आडवे असे दोन्ही अंगांनी मैदान विंचरले. कड्यांचा ढीग जमला, सोने मात्र नाही.

धागा हाती लागला तो मालकांच्या सहज बोलण्यातून. बोट जाड झाल्यामुळे अंगठीचे माप पूर्वी एकदा वाढवून घेतले होते आणि अलीकडे ती पुन्हा सैल वाटू लागली होती, असे ते म्हणाले. बोट बारीक झाले नसताना अंगठी सैल कशी होते? माप वाढवताना कडे कापून, मध्ये सोन्याचा तुकडा घालून झाळतात. तो झाळलेला जोड सुटला असेल, तर कडे किंचित फाकते आणि बोटातून निसटतेही.

आता आपल्या दृष्टीने याचा अर्थ पाहू. डिटेक्टर सोने ओळखत नाही. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत जे भोवरी प्रवाह उठतात, त्यांचा प्रतिसाद तो मोजतो. अखंड अंगठीत हा प्रवाह संपूर्ण कड्याभोवती फिरतो आणि म्हणूनच एवढीशी वस्तू आपल्या वजनाच्या मानाने मोठ्याने बोलते. कडे एका ठिकाणी तुटले की ती वाट बंद होते. मग उरतात ते धातूच्या जाडीतल्या जाडीत घुटमळणारे क्षीण प्रवाह, आणि यंत्राच्या लेखी त्या अंगठीची किंमत चुरगळलेल्या चकचकीत धातूच्या कागदाएवढी होते.

खात्री करून घेण्यासाठी जुन्या सापडलेल्या वस्तूंच्या डबीतली एक कापलेली अंगठी काढली. हातातले घड्याळ उतरवून ती कॉइलसमोर धरली, तेव्हा आकडा 2 आणि 3 च्या मध्ये डळमळत होता आणि कॉइलपासून वीतभर दूर नेताच आवाज बंद पडत होता. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात ती दाबून कापलेली टोके एकमेकांना टेकवली, आणि आकडा एकदम 14 वर चढला. बोटे सैल केली की पुन्हा 3. हा खेळ मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ खेळत बसलो, हे इथल्या मंडळींना वेगळे सांगायला नको.

पुन्हा मैदानावर गेलो तेव्हा 11 इंची कॉइल काढून 6 इंची लावली, नालाच्या चित्राचे बटण दाबून डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारी चाळणी) पूर्ण उघडले, रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर पुढच्यासाठी सज्ज होण्याचा वेग) वाढवला आणि झाडणी, म्हणजे कॉइल फिरवणे, अगदी सावकाश ठेवली. आता 1 ते 4 मधला प्रत्येक कण दखलपात्र होता आणि तिथे चकचकीत कागदाच्या वेष्टनांचा सुकाळ होता. त्यांतच एक सिग्नल असा आला, की एका दिशेने कॉइल फिरवली तर लागोपाठ दोन बारीक ठोके आणि काटकोनात फिरवली तर जवळपास काहीच नाही. असे दुहेरी ठोके उभ्या पडलेल्या कड्याचे असू शकतात, कारण कॉइलच्या बरोबर खाली तिचे क्षेत्र उभे असते आणि उभ्या कड्यातून ते फारसे आरपार जात नाही. म्हणजे या अंगठीने लपण्याचे दोन्ही उपाय एकदम केले होते. खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला प्रो-पॉइंटर एटीसुद्धा टोक प्रत्यक्ष टेकेपर्यंत गप्प होता. मुळे बाजूला सारली तेव्हा अंगठी कडेवर उभी दिसली. फट खालच्या बाजूला होती, नखही शिरणार नाही इतकी बारीक, आणि तीत मातीची काळी रेघ बसलेली होती.

प्रो-पॉइंटरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. त्याची हुबेहूब दिसणारी स्वस्त नक्कल मी एका विक्रेत्याकडून घेतली होती. ती ओल्या गवतात आपोआप किंचाळत असे आणि तक्रारीवर दर वेळी ‘बॅटरी बदलून पाहा’ एवढेच उत्तर येत असे. अशा शोधात, जिथे सिग्नल मुळातच कुजबुजीएवढा असतो, तिथे असले उपकरण असण्यापेक्षा नसलेले बरे.

15 इंची कॉइल घेण्याचा जो बेत मागे लिहिला होता, तो रद्द समजावा. मैदान झपाट्याने विंचरून संपवणे ही माझी अडचण नव्हतीच. त्याऐवजी वेगवेगळ्या रुंदीच्या फटी असलेल्या अंगठ्या एका लाकडी फळीवर बसवून आकड्यांचा तक्ता करणार होतो. पण हे लिहितानाच लक्षात येते आहे की फटीच्या रुंदीने फारसा फरक पडू नये; वाट एकदा तुटली की तुटली. खरा फरक पडेल तो टोके किती घट्ट टेकतात यावर, कारण अर्धवट टेकलेल्या जोडाचा आकडा 3 आणि 14 च्या मध्ये कुठेही थांबू शकतो, अगदी ओढायच्या कडीच्या जागीसुद्धा. तेव्हा फळी बाजूला ठेवून तांब्याच्या जाड तारेची कडी करतो आणि टोकांवरचा दाब हळूहळू वाढवत आकडे टिपतो.

शोधाआधीच्या प्रश्नांत मी दोन कायमचे वाढवले आहेत: माप कधी बदलून घेतले होते का, आणि अलीकडे अंगठी सैल झाली होती का. उत्तर ‘हो’ असेल, तर जोडीदाराच्या अंगठीचा आकडा फक्त वरची मर्यादा म्हणून धरायचा आणि तिथून खाली, थेट लोखंडाचे आकडे सुरू होतात त्या सीमेपर्यंत सगळे खणायचे.

ज्यांच्याकडे पल्स इंडक्शनचे (चुंबकीय क्षेत्राचे ठोके देऊन प्रत्येक ठोक्यानंतरचा प्रतिसाद ऐकणारे) यंत्र आहे, त्यांनी कापलेली अंगठी त्यावर तपासून कृपया कळवावे. तुटक्या कड्यातला प्रतिसाद फार लवकर विझतो, त्यामुळे पल्स डिले (ठोका संपल्यापासून ऐकायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ) 10 मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवला असता आणि तो वाढवत नेला असता ती नेमकी कुठे गप्प होते, एवढाच आकडा मला हवा आहे.