ओएच२बी आणि माझ्या घरातला खरखराट

नाशिकच्या अंबडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर हातात वाइंडिंग वायर असते आणि घरी गच्चीवर तीच वायर अँटेना म्हणून ताणलेली आहे. २२ गेज, पाण्याच्या टाकीपासून मागच्या नारळापर्यंत. संक्रांतीच्या आठवड्यात ती उतरवून ठेवतो, कारण मांजा अडकला की तुटतेच. शॉर्टवेव्हची सवय वडिलांनी लावली. सकाळी २५ मीटरवर रेडिओ सिलोन लावल्याशिवाय त्यांची दाढी होत नसे. कोणत्या ऋतूत किती वाजता कोणता मीटर 'उघडतो' हे त्यांना तोंडपाठ होतं. मला ते कधी साधलं नाही. मी व्होआकॅप नावाचा प्रोग्रॅम चालवतो, आणि त्याचं भाकीत फिनलंडच्या ओएच२बी या केंद्राचा सिग्नल ऐकून पडताळतो.

हा प्रोग्रॅम व्हॉइस ऑफ अमेरिकेसाठी तयार झाला. आपला आवाज कुठे, किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर पोहोचेल हे त्यांना आधी काढायचं असे. मूळ फोरट्रान या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेलं, आणि लिनक्सवर त्याचं व्होआकॅपएल नावाचं रूप मिळतं. भाच्याने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलं आणि तेवढं बसवून दिलं. वेबसाइटवरही हेच गणित बटणं दाबून करता येतं. पण मला कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीतलंच आवडतं. फाईलमधला एकच आकडा बदलायचा, कमांड पुन्हा मारायची, दोन निकाल शेजारी ठेवून बघायचे. मोटारीचा एकेक फेज तपासावा तसं.

त्या फाईलच्या प्रत्येक ओळीला अजूनही 'कार्ड' म्हणतात, कारण पूर्वी ती खरोखर छिद्रं पाडलेली कार्डं होती. ८० रकाने, आणि प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली. फ्रिक्वेन्सीच्या ओळीत पहिले दहा रकाने नावाला आणि पुढे दर पाच रकान्यांत एक आकडा. मला हव्या होत्या १४.१०, १८.११, २१.१५, २४.९३ आणि २८.२० मेगाहर्ट्झ. त्या एकमेकींना चिकटून लिहाव्या लागतात: १४.१०१८.११२१.१५२४.९३२८.२०. सुरुवातीला माझ्याकडून एक स्पेस जास्त पडली. एवढ्यानेच दुसरी फ्रिक्वेन्सी ०१८.१ झाली, तिसरी १२१.१ आणि चौथी ५२४.९. दोन संध्याकाळी मी तो निकाल समोर ठेवून डोकं धरून बसलो होतो. शेवटी पट्टी लावून रकाने मोजले तेव्हा कळलं. तेव्हापासून आधी मोजतो, मग चालवतो.

याच पाच फ्रिक्वेन्सी का, तर त्यांच्यावर जगभरातल्या अठरा बीकनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खुणेचा सिग्नल सोडणाऱ्या केंद्रांची, साखळी पाळीपाळीने बोलते. प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद, आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण. श्रीलंकेचा ४एस७बी, जपानचा जेए२आयजीवाय, केनियाचा ५झेड४बी, फिनलंडचा ओएच२बी. घड्याळ अचूक असेल तर कोण बोलतंय हे सेकंदावरून ओळखता येतं. १४.१०० वर ओएच२बीची वेळ दर फेरीत दोन मिनिटं दहा सेकंदांनी येते. आधी मोर्समध्ये कॉलसाइन, म्हणजे केंद्राचं ओळखनाव, तीही १०० वॅटवर, आणि मग एकेक सेकंदाचे चार डॅश: पहिला १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा, चौथा ०.१ चा. म्हणजे दर डॅशला ताकद दहापट, १० डीबी (डेसिबल), कमी. ही रचना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. साधा रेडिओ आणि कान एवढ्यावर सिग्नलचं माप घेता येतं.

गेल्या ऑक्टोबरात मी नाशिक ते फिनलंड हे सर्किट धरलं. नाशिक २० उत्तर, ७३.७८ पूर्व. अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर. वेळा सगळ्या यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. १५ यूटीची ओळ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. तिथे मोड २एफ२ दिसला, म्हणजे लहर वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनोस्फिअरच्या एफ२ थरावरून दोन उड्यांत इकडे येते. त्याखाली रिलायबिलिटी होती ०.८. हा आकडा 'आज ऐकू येईल' असं सांगत नाही. महिन्यातल्या तीस दिवसांपैकी साधारण चोवीस दिवस या वेळी सिग्नल मागितलेल्या दर्जाचा मिळेल, एवढंच तो सांगतो.

वहीत मी पंधरा रात्रींची नोंद ठेवली. ओएच२बी ऐकू आला सहा रात्री, आणि त्याही वेळी कॉलसाइन व पहिला डॅश, बस्स.

पहिला संशय सूर्यडागांवर गेला, कारण आयनोस्फिअर त्यांच्याप्रमाणे बदलतो. फाईलमध्ये महिन्याचा सरासरी केलेला सूर्यडागांचा आकडा द्यावा लागतो. ब्रुसेल्सची वेधशाळा तो काढते, पण जुलै २०१५ पासून त्यांनी मोजण्याची पट्टी बदलली आणि नवे आकडे जुन्यापेक्षा सुमारे १.४ पट मोठे झाले. व्होआकॅपचं गणित जुन्या पट्टीवरचं आहे, म्हणून नव्या आकड्याला ०.७ ने गुणून घालायचं. या सौरचक्राचा कळस ऑक्टोबर २०२४ चा, नव्या पट्टीवर सुमारे १६१. फाईलमध्ये तो ११३ होतो. हे मी आधीच केलं होतं. चूक तिथे नव्हती.

मग चुंबकीय वादळं? ती या गणितात नाहीतच. ११ मे २०२४ ला अशाच वादळात लडाखच्या हानलेहून आकाशात लाल प्रकाश दिसला, तेव्हा फाईल तीच होती आणि माझा १४ मेगाहर्ट्झ रिकामा होता. पण पंधरा रात्री वादळ राहत नाही.

उत्तर सापडलं गिरणारेच्या बाजूला, आबांच्या मळ्यात. द्राक्षांची गोडी छाटणी झालेली, आणि विहिरीवरची मोटार जळालेली. दुरुस्त मोटार घेऊन गेलो, बसवेपर्यंत अंधार पडला आणि चालवून बघायच्या वेळी थ्री-फेज गेली. आता लाइट येईपर्यंत बसायचं. गाडीत रेडिओ होता, वायरचं रीळ होतंच. द्राक्षाच्या मंडपाच्या कोपऱ्यातल्या अँगलवरून बाभळीवर वायर टाकली. बिबट्या फिरतो म्हणून आबा खाली बसू देईनात, तेव्हा आम्ही दोघे ट्रॉलीत बसलो.

रेडिओ लावला आणि मला वाटलं बॅटरी गेली. इतकं शांत. मग त्या शांततेतून जपान आला, नोवोसिबिर्स्क आला. दोन मिनिटं दहा सेकंदांना ओएच२बी. मी एक इअरफोन आबांच्या कानात दिला.

"किती लांब बीप वाजले?" मी विचारलं.

"तीन. तिसरा लई बारीक होता."

माझ्याही कानात तीनच होते. तिसरा डॅश म्हणजे एक वॅट. आपल्या जुन्या झिरोच्या बल्बापेक्षाही कमी ताकद, फिनलंडहून गिरणारेला!

घरी येऊन फाईल उघडली. सिस्टिमच्या ओळीत नॉइजचा एक आकडा असतो. ३ मेगाहर्ट्झवर तुमच्याकडे माणसांच्या यंत्रांचा विद्युत गोंगाट (रेडिओतली खरखर) किती, तो उणे डीबीत, पण उणे चिन्ह न लिहिता. औद्योगिक भागाला १४०.४, वस्तीला १४४.७, खेड्याला १५०, निर्जन जागेला १६३.६. आकडा लहान तेवढा गोंगाट मोठा. मी नमुना उतरवताना १५० तसाच ठेवला होता. प्रोग्रॅम मळ्यातलं भाकीत देत होता आणि मी घरी बसून ऐकत होतो. मळ्यात तीन डॅश, घरी एक. दोन डॅश म्हणजे २० डीबी. १५० मधून २० वजा केले, १३० लिहिले आणि कमांड मारली. रिलायबिलिटी ०.४ च्या आसपास. पंधरातल्या सहा रात्री.

तो क्षण मी विसरणार नाही. आयनोस्फिअरवर मी उगाच आळ घेत होतो, आणि माझं घर कारखान्यांच्या वस्तीपेक्षाही दहा डीबीने गोंगाटी निघालं.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची चुंबकीय उपकरणं १९०४ मध्ये अलिबागला नेली, कारण शहरात विजेवरची ट्राम येऊ घातली होती. मला अलिबागला जाणं शक्य नाही. म्हणून रविवारी रेडिओ बॅटरीवर लावून मेन स्विच पाडला. खरखर जवळजवळ गेली. मग एकेक एमसीबी चढवत गेलो. मुख्य अपराधी होता टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर. त्याच्या मागे जिन्यातला एक एलईडी बल्ब. बल्ब बदलला. अडॅप्टरची केबल खरखर अडवणाऱ्या फेराइट रिंगमधून आठ वेढे देऊन घेतली, सुबक, एकाला एक लागून, दुकानात गुंडाळतो तसे. इतकी वर्षं वेढे मोजले, पण त्या आठांइतकी काळजी फार थोड्यांची घेतली असेल.

नोव्हेंबरच्या फाईलमध्ये नॉइज १४० लिहिला आहे. काल रात्री साडेआठला घरूनच ओएच२बीचा दुसरा डॅश ऐकला, सलग चार फेऱ्या. तिसरा अजून मळ्यातच मिळतो. आबांची मोटार आता उत्तम चालते आहे, तरी येत्या रविवारी जाणार आहे. त्यांनीच फोन करून विचारलं, चौथा कधी ऐकवताय?