शोधाशोध कमी करणारी माझी अवजारं

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. कुठलं बटण आधी दाबायचं, कुठला बोल्ट किती आवळायचा, तेल कधी बदलायचं, हे सगळं. या कामात लिहिण्यापेक्षा शोधण्यातच जास्त वेळ जातो. ड्रॉइंग कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तो आकडा कुठल्या ईमेलमध्ये होता, परवा नेमकं काय ठरलं. शोधायला गेलं की हातातलं वाक्य जातं ते जातंच. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मी एवढंच बघते, की शोधाशोध कमी होते का.

सगळ्यात जास्त जीव आहे तो नोटपॅडवर. विंडोजबरोबर येतं तेच. फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला लागून इंग्रजी मोठ्या अक्षरांत एल-ओ-जी एवढं लिहून सेव्ह करायचं. त्यानंतर ती फाईल उघडाल तेव्हा शेवटी आपोआप तारीख आणि वेळ उमटते. माझी अशी एक फाईल सहा वर्षं चालू आहे. फोनवर कुणी काही सांगितलं, मीटिंगमध्ये आकडा बदलला, की ती उघडायची आणि खाली एक ओळ टाकायची: 'गिअरबॉक्सचं तेल ५०० तासांनी, २५० नाही. डिझाइनवाल्यांनी फोनवर सांगितलं.' दोन महिन्यांनी 'हे कुणी ठरवलं?' असा प्रश्न येतोच. उत्तर अर्ध्या मिनिटात सापडतं. संध्याकाळी उठण्याआधी उद्या कुठून सुरू करायचं तेही तिथेच लिहून ठेवते.

कामांच्या याद्या सांभाळणारी मोठी ॲप्सही वापरून पाहिली. रंग, लेबलं, प्राधान्यक्रम भरण्यातच सकाळ जायची. सोडली.

फाईल शोधायला 'एव्हरीथिंग'. विंडोज डिस्कवर फाईली ज्या एनटीएफएस पद्धतीने ठेवतं, तिच्यात प्रत्येक फाईलची नोंद मास्टर फाईल टेबलमध्ये असते. हे सॉफ्टवेअर एकेक फोल्डर धुंडाळत बसत नाही, थेट ती नोंदवहीच वाचतं. नावातली तीन-चार अक्षरं टाइप होईपर्यंत यादी समोर येते. पण शोध मुख्यतः नावावरून चालतो, त्यामुळे नावाला शिस्त हवी. मी आधी यंत्राचा क्रमांक घालते, मग वर्ष, महिना, दिवस, याच क्रमाने. फाईली आपसूक ओळीत लागतात.

कॉपी-पेस्टसाठी विंडोजचं बटण आणि व्ही. दोन्ही एकत्र दाबली की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. ही सोय २०१८ च्या अपडेटपासून आहे, पण एकदा स्वतःहून चालू करावी लागते. शेवटच्या २५ गोष्टी लक्षात राहतात. पिन केलेल्या तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला तरी जात नाहीत. सुरक्षेच्या सूचनांची ठरावीक वाक्यं मी पिन करून ठेवली आहेत.

आता गिट, म्हणजे फाईलीतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. एकदा ६० पानांच्या पुस्तकाची जुनी फाईल छपाईला गेली. बोल्ट आवळण्याचा आकडा जुनाच राहिला होता. छापून आल्यावर एका तंत्रज्ञाच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणीतरी यंत्र जोडलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्याच आठवड्यात गिट शिकायला बसले. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने ते २००५ मध्ये तिच्याच कोडसाठी लिहिलं, पण त्याला कोड काय आणि माहितीपुस्तक काय, दोन्ही मजकूरच. कुठली ओळ कधी, कुणी आणि का बदलली, ते सगळं दिसतं. छपाईला पाठवण्याआधी मागच्या आवृत्तीशी तुलना लावते आणि बदललेला प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचते.

वर्डच्या फाईलीत गिटला हे ओळीओळीने दाखवता येत नाही. म्हणून मी लिहिते साध्या मजकुरात, मार्कडाउनमध्ये, म्हणजे मथळे आणि याद्या साध्या चिन्हांनी दाखवायच्या पद्धतीत, आणि शेवटी पॅनडॉक नावाचं सॉफ्टवेअर त्याची वर्ड फाईल करून देतं. पॅनडॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

चित्रांचं मात्र अजून जमलेलं नाही. चित्र बदललं एवढं गिट सांगतं, पण त्यात नेमकं काय बदललं ते सांगत नाही. तोवर जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी उघडून डोळ्यांनीच बघते, आणि काय बदललं त्याची एक ओळ नोटपॅडमध्ये टाकते.