अलीला हरवणारा माणूस आणि माझा वाया गेलेला शर्ट

लेकीकडे एडिसनला येऊन महिना होत आला. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, स्वातंत्र्यदेवीही झाली. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकून झालेत, त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, गर्दी होती आणि गुडघे दुखले एवढंच. लिहायला बसलोय ते ईस्टनबद्दल, जिथं आम्ही माझ्यासाठी नाही तर नातीच्या खडूंसाठी गेलो होतो.

ईस्टन म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, न्यूजर्सीची हद्द संपते तिथं डेलावेअर नदी ओलांडली की आलंच. क्रेयोला खडू कंपनीचं गाव. भर चौकात त्यांनी मुलांसाठी मोठी इमारत केलीय, आत खडू वितळवा, रंगवा, स्वतःच्या नावाचं लेबल छापून खडूला गुंडाळा वगैरे. तिकिटाचा आकडा बघून मी सवयीने मनातल्या मनात रुपये केले. सगळे सांगतात तिकडे गेल्यावर गुणाकार करू नका, मीही येताना मित्रांना हेच ज्ञान पाजळून आलो होतो, पण खरं सांगतो, पाण्याची बाटली घेतानाही करतो. आत शंभरेक पोरं एकाच वेळी किंचाळत होती. पाऊण तासात माझं डोकं उठलं. हिला म्हणलं, जरा पाय मोकळे करून येतो. ही म्हणाली, "हरवू नका म्हणजे झालं."

उतारानं नदीकडे निघालो. खाली रस्त्याच्या पाटीवर नाव दिसलं, लॅरी होम्स ड्राइव्ह. दोन पावलं पुढं गेलो आणि परत मागं येऊन वाचलं. तोच का हा?

आता थोडं मिरजेला जावं लागेल. 1980 साल, मी बावीस वर्षांचा. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये आरशाच्या वर दोनच फोटो, एक कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने आणि दुसरा मोहम्मद अली. बॉक्सिंग आमच्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं, पण अली आमचा होता. ऑक्टोबरात पेपरात बातमी आली की अली हरला, आणि कसा, तर स्टुलावरून उठलाच नाही. कुणी हरवला, तर कोण तो लॅरी होम्स. सलूनवाले अण्णा वस्तरा हातात धरून म्हणाले, "थकलेल्या माणसाला मारलं, त्यात कसली मर्दुमकी?" झालं. हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं स्वतःचं मत म्हणून वापरलं. होम्सची एकही लढत न बघता.

आणि आता त्याच्याच गावात, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर मी घामाघूम उभा! पुढं स्कॉट पार्क नावाची बाग आहे, लीहाय नदी डेलावेअरला मिळते तिथं. संगमच म्हणा ना, फक्त घाट नाही, देऊळ नाही, भेळ नाही. तिथं त्याचा पुतळा आहे. ग्लोव्हज घातलेला, पवित्र्यात. बघायला आलेलं कुणीही नाही, चौथऱ्यापाशी कुणीतरी विसरलेली लहान पोराची पाण्याची बाटली, आणि मागं धरणावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. चौकात खडूंसाठी रांग आणि इथं जगज्जेता एकटा, हे मला उगाचच लागलं.

बाकावर एक म्हातारबुवा सँडविच खात होते. माझं इंग्रजी बेताचं, तरी पुतळ्याकडे बोट दाखवून "अली?" एवढं म्हणलं. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "सगळे तेच विचारतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

त्या रात्री झोप नाही. जावयांनी टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं आणि मी दोन वाजेपर्यंत बसलो. होम्स म्हणजे सातवीत शाळा सुटलेला पोरगा, तासाला एक डॉलरवर गाड्या धुवायचा. मग अलीच्याच सरावात अलीचे ठोसे खायला उभा राहायचा, म्हणजे वस्तादाच्याच आखाड्यात वाढलेला पठ्ठ्या. 1978 मध्ये केन नॉर्टनकडून हेवीवेटचा जागतिक किताब घेतला ती लढत बघाच. पंधरा राउंड, तीनही पंचांचा हिशेब फक्त एकेका गुणाचा, दोघांनी होम्सला दिली, एकानं नॉर्टनला. डाव्या हाताला दुखापत झालेली असताना त्याच डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, मारत होता. काय जॅब तो! आमच्या विहिरीच्या रहाटाची दोरी हातातून सुटली की जशी जायची तसा, दिसेपर्यंत लागून परत आलेला.

मग छातीवर दगड ठेवून अलीची लढत लावली. अली अडतीसचा, पाय हलत नाहीत. होम्स मारतोय आणि मध्येच पंचाकडे बघतोय, थांबवा की आता. पंच थांबवत नाही. दहाव्या राउंडनंतर अलीच्या कोपऱ्यातल्यांनीच लढत सोडली. लढतीनंतर जिंकणारा रडत होता. अण्णा, हे पेपरात नव्हतं आलं हो.

पुढं 1982 मध्ये गेरी कूनीशी लढत. होम्स काळा, कूनी गोरा, म्हणून अर्ध्या देशाला तोच जिंकायला हवा होता. चॅम्पियनचं नाव शेवटी पुकारायचा रिवाज, तिथं होम्सला आधी पुकारलं! त्यानं तेराव्या राउंडमध्ये निकाल लावला, आणि नंतर कूनीशी दोस्तीही केली. किताब वीस वेळा राखला. 48 लढती एकही हार नाही, कधीच न हरलेला जुना जगज्जेता रॉकी मार्सियानो, त्याच्या 49 ला एक कमी, आणि 1985 मध्ये नेमका मायकेल स्पिंक्सकडून हरला. त्या रागात मार्सियानोबद्दल वेडंवाकडं बोलून बसला आणि होती नव्हती ती सहानुभूतीही घालवली. तिथं चुकलाच तो, पण तोंड सांभाळायचा सल्ला मी कुणाला देऊ नये, ही हसेल. आधी अली, नंतर टायसन, मधली सात वर्षं ज्याची, त्याचं नाव आमच्या सलूनच्या भिंतीवर कधी चढलंच नाही.

हां, पुतळ्यापाशी काय झालं ते राहिलंच. म्हातारबुवा गेल्यावर आजूबाजूला बघितलं आणि मीही पवित्रा घेतला, डावा हात पुढं. एक जॅब, दोन जॅब, तिसऱ्याला गुडघा कटकन वाजला. पळत चाललेल्या एका बाईनं कानातलं यंत्र काढून विचारलं, "आर यू ओके?" मी मान हलवून निघालो.

परत आत गेलो तर नात दारातच. "आबा, तुझं टोकन अजून आहे!" आधी मी कुरकुरत खिशात ठेवलेलं. मशीनवर तिनं विचारलं, काय नाव छापू? म्हणलं, लॅरी. "लॅरी कोण?" गाडीत सांगतो म्हणलं. निळा खडू शर्टच्या खिशात ठेवला आणि शर्ट काढून मागच्या काचेपाशी टाकला, आत बनियनवर टीशर्ट होताच. वाटेत जेवायला दीड तास थांबलो, गाडी उन्हात. घरी येऊन बघतो तर खिशाला हाताएवढा निळा डाग, लेबल तेवढं शाबूत.

ही अजून बोलतेय. शर्ट जावयांनी वाढदिवसाला दिलेला होता.