पाटीवरचा ए

दुपारी घराजवळच्या वह्या-पेनांच्या दुकानावर एक रंगारी शिडीवर चढून नवी पाटी रंगवत होता. इंग्रजीत ‘स्टेशनरी’ लिहिताना त्याने आरच्या आधी, जिथे ई हवा तिथे, मोठ्या निगुतीने ए काढला. पाट्या वाचत जाण्याची मला जुनी खोड आहे आणि चुकीच्या स्पेलिंगाने माझा दिवस खराब होऊ शकतो. तरीही हा ए मला कधी खटकत नाही. ए असला की त्याचा अर्थ एका जागी स्थिर असलेला, आणि मध्ययुगीन इंग्लंडमध्ये फेरीवाल्यांसारखे न भटकता एका ठिकाणी दुकान थाटून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्यालाच स्टेशनर म्हणत. ई आणि ए ही वाटणी मागाहून झाली.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून ते आले २००० साली. पाचवीच्या वर्गात प्रत्येक अवघड शब्दाचे दोन उच्चार असत, एक बाईंसमोर म्हणायचा आणि दुसरा स्पेलिंग पाठ करण्यापुरता. बुधवार हा ‘वेड-नेस-डे’ होता, तर लेफ्टनंट म्हणजे ‘खोटे तू दहा मुंग्या’: लाय, यू, टेन, अँट. त्या मुंग्यांचा काय संबंध, असे कुणी विचारत नसे. ‘आयलंड’मध्ये एस कशाला, असे मात्र एकाने विचारले होते. ‘तो सायलेंट आहे,’ असे सांगून बाईंनी फळा पुसायला घेतला.

जुन्या इंग्रजीत हा एस नव्हताच. लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’शी या शब्दाचे नाते आहे, अशा गैरसमजातून तो पुढे त्यात घुसवला गेला. कर्जाच्या ‘डेट’मधला बी तर फ्रेंचमधून येताना नव्हताच, विद्वानांनी लॅटिन ‘डेबिटम’ आठवून तो मुद्दाम बसवला. त्याच हौसेने ‘रिसीट’मध्ये पी आला, पण त्याच धातूतून निघालेला फसवणुकीचा ‘डिसीट’ कसा कोण जाणे सुटला, आणि सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात दोघेही तसेच, एक पीसह आणि एक पीविना, छापले गेले.

आता फोन परस्पर स्पेलिंग सुधारतो, म्हणून मुले निर्धास्त असतात. परीक्षेच्या कागदावर मात्र त्यांना स्वतःच लिहावे लागते, आणि तिथे आयलंडमधला एस लिहायचा राहिला तर गुण मुलाचाच जातो.