कूलर बंद, पंप जवळ

ऑक्टोबर लागला की इकडे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या हवामानाच्या अंदाजात एक जास्तीची ओळ येते, ती थेट ३१ डिसेंबरपर्यंत: आज वादळी दम्याचा धोका किती. धोका मोठा असेल त्या दिवशी सूचना अशी की वादळ यायच्या आत घरात या, दारं-खिडक्या लावा आणि बाहेरची हवा ओढणारा कूलर बंद करा. अकोला-यवतमाळकडच्या माणसाला भर उकाड्यात कूलर बंद करायला सांगायचं! पहिल्यांदा वाचताना ही थट्टाच वाटते.

थट्टा नाही. शहराच्या उत्तर-पश्चिमेला मैलोन्‌मैल रायग्रास नावाचं चाऱ्याचं गवत आहे आणि त्याचा फुलोरा नेमका याच महिन्यांत असतो. एरवी परागकण मोठा असल्यामुळे नाकातच अडकतो. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, विषय तिथेच संपतो. पण वादळाच्या ओलाव्यात हा कण फुगून फुटतो. त्यातली बारीक भुकटी थंड वाऱ्याच्या लोटाबरोबर जमिनीलगत येते आणि सरळ फुफ्फुसात उतरते. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी हेच झालं. तीस तासांत हजारो लोक धापा टाकत दवाखान्यांत पोचले आणि १० जण गेले. अंदाजाची व्यवस्था त्यानंतर, २०१७ मध्ये उभी राहिली. असाच प्रकार याच शहरात १९८७ मध्येही होऊन गेला होता. म्हणजे शहाणपण इकडेही ठेच लागल्यावरच येतं.

आपल्या लोकांनी यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्या संध्याकाळी ज्यांना त्रास झाला त्यांतल्या पुष्कळांना दमा नव्हताच, नुसतं नाक वाहायचं. आणि त्यांत आशियातून आलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. इथे आल्यावर दोन-चार वर्षांनी वसंतात (इकडे तो ऑक्टोबरच्या सुमारास) नाक गळायला लागतं आणि माणूस ‘हवा मानवत नाही’ म्हणून सोडून देतो. नाक सोडून द्यायचं नसतं. स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून रोज मारायचा, कारण त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात. उजव्या हाताने डावी नाकपुडी, डाव्या हाताने उजवी. टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेर, डोळ्याच्या कडेकडे. पडद्यावर रोज फवारा बसला की घोळणा फुटतो, आणि मग लोक औषधालाच नावं ठेवतात.

‘गावची हवा शुद्ध, तुम्हीच परदेशात जाऊन रोग लावून घेता,’ हे फोनवर हमखास ऐकू येतं. मग वर्षाचा हिशोब मांडू. पावसाळ्यात धुऱ्या-बांधावर गाजर गवताचा फुलोरा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, थ्रेशर आणि कुटाराचा लोट. त्याच पंधरवड्यात घराची झाडलोट, माळ्यावरच्या गाद्या-गोधड्या खाली येतात. पुढे जिनिंगची रुई, उन्हाळ्यात पेटवलेली पऱ्हाटी. बाराही महिने चूल आणि मच्छर अगरबत्ती. हे पंचांग गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्याला अंदाजाचं ॲप लागत नाही. आपलं अडतं ते पुढच्या पायरीला.

थ्रेशरवर दुपट्टा बांधून भागत नाही. दुपट्टा डोळ्यांना दिसणारा कचरा अडवतो, बारीक भुकटी त्यातून आरपार जाते. एन-९५ मास्क नाकावर पत्ती दाबून लावायचा, वारा पाठीकडून येईल असं उभं राहायचं. ज्याला दमा आहे त्याने कुटाराच्या तोंडाशी उभं राहूच नये, पोती शिवावीत. वावरातून आल्यावर आंघोळ आधी. कपडे निजायच्या खोलीतल्या खुंटीवर नकोत.

पण इकडची खरी हेवा वाटण्यासारखी गोष्ट अंदाजही नाही, ॲम्ब्युलन्सही नाही. ती आहे प्लास्टिकची नळी, स्पेसर. शाळेच्या दम्याच्या पेटीत निळ्या पंपाशेजारी, म्हणजे धाप लागल्यावर ओढायच्या इन्हेलरशेजारी, ती असतेच. आपल्याकडे चिठ्ठीवर पंप लिहिला जातो आणि स्पेसर राहून जातो. पंप सरळ तोंडात मारला की औषध वेगाने येऊन बरंचसं घशावर आदळतं. दाबणं आणि श्वास घेणं एका क्षणी जुळावं लागतं, आणि धाप लागलेल्या माणसाला तेच जमत नाही. नळीत फवाऱ्याचा वेग मरतो, मोठे थेंब भिंतीला बसतात, बारीक औषध सावकाश आत जातं. ‘पंप लागूच पडत नाही’ या तक्रारीत अनेकदा दोष पद्धतीचा असतो.

तालुक्याला स्पेसर मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर कोल्ड्रिंकची ५०० मिलीची बाटली. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हा उपाय मुलांवर तपासून १९९९ मध्ये छापला आहे, त्यामुळे हा जुगाड म्हणून हसण्यावारी न्यायचा नाही. जाड तार पंपाच्या तोंडाच्या आकारात वाकवायची, तापवायची आणि बाटलीच्या बुडावर दाबून भोक पाडायचं. तोंडापेक्षा किंचित लहान, म्हणजे पंप घट्ट बसतो. कात्रीने कापलं तर बूड तडकतं आणि औषध फटीतून निघून जातं. उरलेली फट चिकटपट्टीने बंद करायची. हे काम अंगणात करा, आणि दम्याच्या माणसाला त्या धुरापासून लांब ठेवा. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं. अगदी लहान लेकराला मात्र मास्कवालाच स्पेसर लागतो.

नवी बाटली किंवा स्पेसर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा, साध्या पाण्याने खळबळू नका आणि फडक्याने पुसू नका. तसंच सावलीत निथळू द्या. पुसलं की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. महिन्यातून एकदा हेच.

अटॅक आला तर इकडे चार-चारचा हिशोब शिकवतात. माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. निळा पंप (साल्ब्युटामॉल) हलवून नळीत एक फवारा, चार श्वास. पुन्हा हलवा, दुसरा फवारा, चार श्वास. असे चार. चारही फवारे एकदम मारले तर औषध नळीतच राहतं. मग चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार, आणि तरीही नसेल तर इकडे ०००, आपल्याकडे १०८. गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे चालू ठेवायचे. रात्री वाशीम किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात गाडी यायला वेळ लागणार हे धरून पहिले चार फवारे देऊन होताच फोन करावा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, गळ्याजवळ खड्डा पडत असेल, ओठ निळसर झाले असतील तर तेवढंही थांबू नका. छातीतली शिट्टी एकाएकी बंद झाली पण माणूस मलूल आहे, तर ते बरं होणं नव्हे. हवाच आत जात नाहीये.

‘मशीन लावून घेतलं की बरं वाटतं’ म्हणणाऱ्यांसाठी: साध्या ते मध्यम अटॅकमध्ये नळीतून दिलेला पंप नेब्युलायझरच्या तोडीस तोड चालतो. आणि त्याला लाइन लागत नाही. लोडशेडिंगच्या मुलखात हे कोणी ठासून का सांगत नाही, कळत नाही.

निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागतोय म्हणजे दमा आटोक्यात नाही. सूज कमी करणारा, रोजचा स्टेरॉइडचा पंप हवा. नुसत्या निळ्यावर दमा सांभाळू नये, असं २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनाच सांगतात. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. ‘सवय लागते’ ही भीती खोटी आहे. औषधाची खीर खाऊन कोजागिरीची रात्र दवात, ऐन कुटाराच्या दिवसांत जागवण्यापेक्षा हे बरं. (खिरीला विरोध नाही. ती घरात बसून खा.)

आता कूलर. गेल्या वर्षीच्या गवताच्या ताट्यांत बुरशी असते, मार्चमध्ये पहिल्या दिवशी येणारा कुबट वास तिचाच. ताट्या दरवर्षी नव्या, टाकी घासून वाळवलेली, पाणी आठवड्याला बदललेलं. पहिला अर्धा तास कूलर चालवताना दम्याचा माणूस त्या खोलीत नको, आणि शेजारच्या वावरात पऱ्हाटी पेटली असेल तर कूलर बंद, कारण तो तोच धूर आत ओढतो. जूनमध्ये झाकून ठेवण्याआधी मोटर बंद करून नुसता पंखा चालवा, ताट्या कोरड्या होईपर्यंत.

आणि पंप संपलाय का हे पाण्यात तरंगवून बघायची पद्धत सोडा, त्यातून काही कळत नाही. आकडा दाखवणारा पंप मागून घ्या. तो नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर पेनाने लिहा, आणि निळे २०० फवारे किती दिवसांत संपले ते डॉक्टरला सांगा. वर्षात तीन डबे संपत असतील तर हंगामाची वाट न पाहता जा.