मांडुकलीचं पाणी: गाडी पार झाली, दुखणं तीन आठवड्यांनी संपलं

हे लिहितोय ते मुख्यतः अशा लोकांसाठी ज्यांची गाडी पुराच्या पाण्यातून गेली, बंद न पडता बाहेर आली आणि आता काही झालं नाही म्हणून रोज वापरात आहे. माझंही तसंच झालं होतं. आज वेळ काढा आणि गाडीच्या खालची (ॲक्सल, गिअरबॉक्सची) ऑइलं बघून घ्या, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

जुलैचा शेवटचा आठवडा. आत्या असळजच्या पुढे वाडीवर राहते, तिची सोमवारी कोल्हापुरात दवाखान्यातली तारीख होती, म्हणून शनिवारी दुपारी मी तिला आणायला गेलो. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर, जाताना रस्ता कोरडा नव्हता पण पाणी कुठेच नव्हतं. रात्रभर मात्र जो पाऊस कोसळला, पत्र्यावर आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, कुंभी नदी एकदा फुगली की मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर यायला एक रात्र पुरते.

रविवारी सकाळी सातला निघालो. मांडुकलीच्या अलीकडे पाणी रस्त्यावर आलेलंच, दोन्ही बाजूचा ऊस निम्मा बुडालेला, आणि अजून कुणी बॅरिकेड लावलं नव्हतं. बॅरिकेड असतं तर मी गेलो नसतो, हे मनापासून सांगतो, ते ओलांडायचं नाही म्हणजे नाही. समोरून एक ट्रॅक्टर आला, पाणी त्याच्या पुढच्या चाकाच्या अर्ध्यापर्यंत, आणि वाहण्याला जोर नव्हता, शेतातून हळूहळू पसरत होतं. ट्रॅक्टरवाला पलीकडे परत जाणार होता. म्हणाला, "पावणं, माझ्या मागनं या, चाकोरी सोडू नका, डाव्या अंगाला मोरी हाय." आत्या म्हणाली, "बाळा, नको रे, उद्याची तारीख चुकली तर चुकली." मी ऐकायला हवं होतं पण निघालो.

फोर लो (चारही चाकांना हळू पण जोरदार ताकद देणारा गिअर), पहिला गिअर, एक्सलेटर एकसारखा धरलेला, खिडक्या खाली, सीटबेल्ट काढलेले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मधल्या खोलगट भागात पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर आलं आणि नेमका तिथे ट्रॅक्टर थांबला, एक जण मोटरसायकल ढकलत मधेच अडकला होता, त्याची गाडी ट्रॉलीत चढवेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. इंजिन चालू ठेवून मी पाण्यात उभा. पायाखाली मॅट तरंगायला लागली तेव्हा कळलं की आत पाणी आलंय. पण गाडी बंद पडली नाही, पलीकडे निघालो, आत्याला वेळेत घरी आणलं, आणि मला वाटलं झालं सगळं.

खरं नुकसान त्या चार-पाच मिनिटांत झालं. गाडी चाळीस मिनिटं घाटवळणांवरून येते तेव्हा पुढचा-मागचा ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) हे सगळं चांगलंच तापलेलं असतं. ते एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. हवा यायला ब्रीदर म्हणून छोटी नळी किंवा टोपी असते, ती पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजली असेल तर ब्रीदरमधून नाहीतर ऑइल सीलमधून सरळ पाणी ओढलं जातं. स्नॉर्केल लावलं म्हणून ह्यात काही फरक पडत नाही, स्नॉर्केल फक्त इंजिनची हवा वरून घेतो. कंपनी पाण्याच्या खोलीचा आकडा देते, नव्या थारला 650 मिलिमीटर वगैरे, तोही स्थिर पाण्यातून हळू चालवत पार होण्यासाठी असतो, पाण्यात उभं राहायला नाही.

आता क्रमाने काय काय झालं ते सांगतो. बाहेर आल्या आल्या ब्रेक जवळजवळ नव्हतेच, कळे गावापर्यंत दुसऱ्या गिअरवर हलकासा ब्रेक दाबत आलो तेव्हा कुठे ड्रम वाळले. घरी येऊन सवयीप्रमाणे हँडब्रेक ओढला आणि सकाळी मागचं डावं चाक हलेना, ब्रेकचं लायनर ड्रमला चिकटलेलं. पाण्यातून आलात तर दोन-तीन दिवस हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.

बोनेट उघडलं तर रेडिएटरच्या जाळीत उसाचा पाला आणि गाळ असा बसलेला की लिंपल्यासारखा. तो मी नळाच्या साध्या पाण्याने पंख्याच्या बाजूने बाहेर ढकलत काढला. प्रेशरवॉश खालून जरूर मारा, गाळ वाळला की सिमेंटसारखा धरतो, पण सील, कनेक्टर आणि चाकांच्या हबवर नेम धरून मारू नका.

आणि मग मी मोठी चूक केली. गाडी चालतेय म्हणून चार दिवस गावात फिरवली, पाचव्या दिवशी हायवेने सांगलीला जाऊन आलो. येताना साठच्या वर मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, एक्सलेटर सोडला की बदलायचा. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली. त्याने मागच्या क्राउनचा (डिफरेन्शियलला, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीला, तो क्राउनच म्हणतो) खालचा प्लग सैल केला तर आधी नुसतं पाणी पडलं, पेलाभर तरी असेल, आणि मग दुधाच्या कॉफीसारखं घट्ट पांढरट ऑइल. बोटावर घेऊन त्याने उन्हात धरलं, त्यात बारीक चांदीसारखी चमक होती. तो म्हणाला, "मालक, आल्या दिवशी आणली असती तर नुसत्या ऑइलवर भागलं असतं." बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडले होते. बेअरिंग, सील, ऑइल, मजुरी धरून साडेएकवीस हजार गेले. पुढचा क्राउन आणि ट्रान्सफर केसचं ऑइलही पांढरट होतं पण तिथे धातूची चमक नव्हती, ते बदलून वाचले.

नवव्या दिवशी बॅटरीचा दिवा लागला, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या ब्रशमध्ये गाळ. पट्ट्याची चिरचिर त्याआधीपासून होतीच, तीही गाळानेच. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता सेंट्रल लॉक आपोआप टकटक उघड-बंद व्हायला लागलं. कार्पेट वरून वाळलं होतं पण खालचा स्पंज पिळला तर अजून पाणी, आणि सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर घ्या, फ्लोअरचे रबरी बूच काढा, कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हे पहिल्या दोन दिवसांतच करा, वास यायची वाट बघू नका.

कुणाची गाडी पाण्यात बंद पडली तर कृपा करून परत स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिनच जातं. विम्याच्या साध्या फुल पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाणी शिरल्यावर स्टार्ट मारून गेलेलं इंजिन बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं, पावसाळ्याआधी पॉलिसी काढून बघा. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग टोइंग, तेही गाडी वर उचलून नेणारं.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं थोडं. निघायच्या आधी कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय ठेवा, 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. पण मांडुकलीला त्यावर विसंबू नका, तिथलं पाणी कुंभीचं, वर गगनबावड्यात पाऊस किती झाला त्यावर ठरतं, गावातल्या माणसाला फोन करणं सगळ्यात बरं. रत्नागिरी रोडला केर्लीजवळ पाणी येतं. आणि पुणे-बेंगळुरू हायवे उंच आहे म्हणून निर्धास्त राहू नका, 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ तो सुद्धा बंद होता. पाणी वाहतं असेल तर फूटभर पाणी सुद्धा लहान गाडी ढकलतं, दोन फुटात आपल्या मोठ्या गाड्याही तरंगतात. खाली रस्ता आहे की नाही हे वरून दिसत नाही, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा त्या एसटींमधल्या माणसांना ते कसं दिसणार होतं. तो प्रसंग आठवला की मला आजही आत्याचा "नको रे" ऐकू येतो.

मिस्त्रीने दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरना लांब रबरी नळी जोडून ती बोनेटखाली आणि मागे दिव्याच्या उंचीवर नेली, खर्च काही शेकड्यांत. पुढच्या चाकांचे हब उघडून जुनं ग्रीस धुऊन नवीन भरलं. तो म्हणाला होता, 500 किलोमीटरला परत एकदा ऑइल बदला कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही. परवा बदललं. मी स्वतः खाली वाकून बघत होतो, मागच्या क्राउनमधून पडलेलं ऑइल मधासारखं होतं, नुसतं मधासारखं. आत्याची पुढची तारीख सप्टेंबरात आहे, ह्या वेळी तिला आठ दिवस आधीच आणून ठेवणार.